माडीवरची ठकठक : नव्या डिजिटल पियानोच्या नोंदी

११ मे २०२५, वेंगुर्ला

भाचीचा डिजिटल पियानो गेल्या आठवड्यात ताईकडे आला आणि आज मला बोलावणं. दशावताराचा हंगाम उरकत आलाय, पायपेटीवर कापड टाकून मी मोकळाच होतो. पेटी खोलणारा माणूस पियानोही खोलणार, असा आमच्या घरात पक्का समज आहे.

मुख्य तक्रार आजीची, म्हणजे भाचीच्या आजीची. पियानो माडीवर, आजीची खाट बरोबर त्याच्या खाली. भाची रात्री जेवणं झाल्यावर हेडफोन लावून बसते. सूर सगळे तिच्या कानात, आजीच्या वाट्याला फक्त ठकठक. "गो, वाजवतंस तर गाणा तरी ऐकाक येऊंदे. ही नुसती ठकठक कित्याक?"

भाचीचं म्हणणं वेगळं. तिला काही ठरावीक पट्ट्या खटकतात. दुकानदार फोनवर म्हणाला, नवीन आहे, वापरून वापरून बसेल. मला हे पटलं नाही. आत आपटणाऱ्या भागांना टेकायला फेल्ट, म्हणजे नमद्यासारखा मऊ थर असतो. तो वापराने दबतो आणि दबला की कडक होतो. नव्या वाद्यात फेल्टमुळे जो आवाज येतो तो पुढे वाढेल, आपोआप कमी कसा होईल?

वॉरंटी चालू आहे, त्यामुळे खालचा एकही स्क्रू मी सोडणार नाही. बाहेरून जेवढं कळेल तेवढं लिहून काढायचं आणि कंपनीकडे नेमकी तक्रार करायची. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. आतली रचना थोड्याफार फरकाने सगळ्यांची सारखीच असते.

१३ मे

वाद्य बंद करून अडॅप्टर काढला आणि पट्ट्या मुक्याच वाजवल्या. सूर नसला की यंत्राचा आवाज उघडा पडतो.

आत काय चालतं ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं समजेल. साधारण १७०० च्या सुमाराला फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने पियानो बनवला, त्यात पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते. डिजिटल पियानोत तार नाही, पण हातोडी आहे. ती आहे फक्त वजनासाठी, बोटाला खऱ्या पियानोसारखा भार लागावा म्हणून. प्रत्येक पट्टीखाली धातूचं वजन बसवलेला एक दांडा असतो. पट्टीचं पुढचं टोक दांड्याला दाबतं आणि वजनाची मागची बाजू फळीच्या झोक्यासारखी वर जाते. बोट उचललं की वजन खाली पडतं आणि पट्टी वर येते. वर जाताना थांबायला एक फेल्ट, खाली पडायला दुसरा. सूर कधी आणि किती जोरात वाजवायचा हे पट्टीखालच्या रबरी घुमटीवरून ठरतं. तिच्यात दोन किंवा तीन संपर्क असतात, ते पाठोपाठ जुळतात, आणि जुळण्यातलं वेळेचं अंतर जितकं कमी तितका सूर जोरात.

म्हणजे प्रत्येक सुरामागे निदान दोन आपटण्या ठरलेल्याच. खऱ्या पियानोतही त्या असतात, तारांच्या आवाजात बुडून जातात इतकंच. माझ्या पायपेटीच्या पट्ट्याही खडखडतात, पण शेजारी झांज चालू असताना ते कोणाच्या बापाला ऐकू येत नाही.

आता या वाद्याचे आवाज. पट्ट्यांना डावीकडून १ ते ८८ आकडे दिले. मधल्या सप्तकातली पांढरी एक, म्हणजे पेटीवाल्यांच्या भाषेत त्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, ही ४० वी.

डावीकडच्या पट्ट्यांचा खाली टेकताना "धप्". सगळ्यांचा सारखा, उजवीकडे जाऊ तसा हलका. खर्जातली वजनं मुद्दाम जड ठेवलेली असतात, त्यामुळे हे ठीकच.

४५ वी, म्हणजे मधली पांढरी चार: दाबताना अर्ध्या वाटेवर "टिक्". हळू दाबली तरी येतो. वर येताना नाही.

४७ वी, पांढरी पाच: सरळ दाबली तर गप्प. बोट कडेला पडलं तर बाजूला हलून कटकटते.

५९ ते ६४, तार सप्तकातल्या पांढऱ्या पाचपासून त्याच्या वरच्या पांढऱ्या एकपर्यंत, काळ्या धरून सलग सहा पट्ट्या: दाबताना ठीक, सोडताना "ठक्". बोट झटकन उचललं की फारच. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या ५८ आणि ६५ बिनआवाजी.

मला यातली सलग सहावाली नोंद सगळ्यात कामाची वाटते. एकच पट्टी वाजली तर दोष तिच्याच भागात. सगळ्या वाजल्या तर रचनेत, नाहीतर जमिनीत. पण ओळीने सहा वाजतात आणि सातवी नाही, तर त्या सहांना मिळून जे एक काहीतरी आहे तिथे बघायचं. सोडताना वाजतात, म्हणजे वजन खाली पडतं तिथे. तिथे सगळ्यांना मिळून एकच गोष्ट असते, फेल्टची लांब पट्टी.

१४ मे

नाण्यांची परीक्षा. दहा रुपयांचं नाणं सुमारे ७.७ ग्रॅमचं असतं. पट्टीच्या पुढच्या कडेवर एकावर एक ठेवत जायचं आणि किती नाण्यांना ती सावकाश खाली बसते ते बघायचं. ४३, ४४, ४६ या तिघी आठ नाण्यांना बसल्या, म्हणजे साठ ग्रॅमच्या थोडं वर. ४५ वी आठाला अर्ध्यावर अडकून राहिली. नववं ठेवल्यावर टिक् करून खाली. अडकते तिथेच वाजते, म्हणजे पट्टी आणि दांडा जिथे एकमेकांवर घासतात तिथलं ग्रीस कमी आहे किंवा नाहीच. ५९ ते ६४ च्या वजनात काही फरक नाही.

मग केबलने फोनला जोडून मिडीचे आकडे बघितले. मिडी म्हणजे वाद्य जोडलेल्या यंत्राला कुठली पट्टी किती जोरात दाबली ते आकड्यांत सांगतं ती पद्धत. ती १९८३ पासून आहे आणि जोर तिच्यात सहसा १ ते १२७ मध्ये मोजतात. बोटाने दर वेळी सारखा जोर येत नाही, म्हणून पट्टीशेजारी फूटपट्टी उभी धरून दहा सेंटिमीटरवरून खोडरबर सोडला. ४५ आणि शेजारणी यांचे आकडे जवळजवळ सारखे. ५९ ते ६४ पण ठीक. म्हणजे संपर्क चांगले आहेत, दोष निव्वळ यांत्रिक. कंपनीला सांगताना हे उपयोगी पडेल, नाहीतर "आधी सॉफ्टवेअर अपडेट करा" इथून सुरुवात होते.

१७ मे

भावोजी तेलाची बाटली घेऊन माडीवर. "थोडा खोबरेल सोड रे, गप बसतला." आमच्याकडे बिजागरीपासून टाळूपर्यंत सगळ्याला खोबरेल. त्यांना नाही म्हणायला अर्धा तास गेला, त्यातला ऐवज लिहून ठेवतो.

खोबरेल खवट होतं, चिकट होतं, धूळ धरतं आणि मुंग्यांना आमंत्रण देतं. शिवाय ते पातळ असतं, जिथे घालू तिथे न थांबता फेल्टमध्ये उतरतं. शिलाई मशीनच्या तेलाचंही तेच. गंजलेले नट सोडवायचा फवारा तर अजिबात नको. त्यातलं पेट्रोलियम द्रावक फेल्टखालचा गोंद सोडवू शकतं आणि रबर, प्लास्टिकलाही ते मानवत नाही.

माझी स्वतःची पेटीवरची सवय म्हणजे घासणाऱ्या लाकडाला पेन्सिलचं शिसं. तेही इथे चालत नाही. शिसं म्हणजे ग्रॅफाइट, त्यातून वीज वाहते. त्याचा चुरा खालच्या संपर्कांवर पडला तर न दाबलेला सूर वाजायचा. प्लास्टिकला चालतं ते सिलिकॉनचं घट्ट ग्रीस, तेसुद्धा काडीच्या टोकावर मावेल इतकंच आणि फक्त घासणाऱ्या जागी. संपर्कावर गेलं तर ते वीज अडवतं आणि पट्टी मुकी होते.

भावोजींनी बाटली परत नेली. ताईचं म्हणणं, तू गेल्यावर घालतील. बाटलीवर नजर ठेवायचं काम भाचीकडे.

२० मे

सकाळपासून पाऊस कोसळतोय, मे महिन्यात. संध्याकाळी वीज गेली. पंखा, फ्रिज, पंप सगळं बंद, आणि पाऊसही थोडा वेळ थांबला. भाचीला म्हटलं, बंद पियानोवर तुझा धडा वाजव. मी आजीच्या खाटेवर आडवा.

वर बसून जे ऐकलं होतं त्यापेक्षा हे पार निराळं. ४५ ची टिकटिक खाली येतच नाही. ५९ ते ६४ ची ठकठक अगदी पुसट. येतं ते सगळं धप् धप्, तेही डाव्या हाताचं. आणि एक आवाज, जो वर माझ्या लक्षातच आला नव्हता: पायाखालचं पेडल. भाची पेडलवर पाय आपटते आणि ते थेट तक्तपोशीतून खाली उतरतं.

म्हणजे तक्रारी दोन आणि त्यांची कारणंही वेगळी. भाचीला त्रास देणाऱ्या पट्ट्या आजीला ऐकूच येत नाहीत. आजीला त्रास देणाऱ्या पट्ट्यांत बिघाडच नाही. कंपनीने उद्या सगळं दुरुस्त केलं असतं तरी आजीची झोप मोडलीच असती.

"काय रे, झोपलंस?" आजीने विचारलं. तिला तिची खाट हवी होती.

२२ मे

माडी कडीपाटाची. जांभ्याच्या दोन भिंतींवर तुळया टेकलेल्या आणि त्यांवर फळ्या. पियानो खोलीच्या मधोमध, उजेड चांगला म्हणून. नेमका तिथेच तुळईचा मध येतो, जिथे ती सगळ्यात जास्त लवते. तिथे धप् केलं की सबंध फळी ढोलाचं काम करते.

पियानो भिंतीकडे, तुळयांच्या टोकांजवळ सरकवला. खाली जाऊन ऐकलं. फरक आहे, फुकटात मिळाला. भिंतीला मात्र टेकवलेला नाही, वीतभर लांब. एक तर कंप भिंतीत जातो आणि दुसरं म्हणजे पावसाळ्यात ही भिंत ओल धरते.

स्टँडचे स्क्रूही आवळले. दोन ढिले होते. वाद्य थोडा वेळ जाड गोधडीवर जमिनीवर ठेवून वाजवलं आणि मग पुन्हा स्टँडवर. त्यातून समजलं की खर्जाच्या धप् मधला थरथरता शेपटा स्टँडचा होता. स्क्रू आवळल्यावर तो गेला.

२५ मे

मान्सून काल केरळात आणि आज देवगडपर्यंत पोहोचल्याची बातमी. एरवी आम्ही मृगाची, म्हणजे ७ जूनची वाट बघतो. मंगलोरी कौलांवर इतका आवाज की आज मोजमाप करण्यात अर्थ नाही. आजी शांत झोपली. भाचीने सगळं घरदार झोपेपर्यंत वाजवलं.

कंपनीला तक्रार पाठवली: पट्ट्यांचे आकडे, नाण्यांचा हिशोब, मिडीचे आकडे आणि फोनवर केलेलं ध्वनिमुद्रण. ध्वनिमुद्रण वाद्य बंद ठेवून, फोन पट्टीपासून वीतभर अंतरावर, आधी चांगली पट्टी मग वाजणारी. दोन्ही एकापाठोपाठ असल्या की समोरच्याला "हे नॉर्मल आहे" म्हणणं जड जातं.

२९ मे

जमिनीचं काम. आधी काथ्याची चटई चारपदरी घालून बघितली. स्टँडच्या पायांखाली ती चेपून पापड झाली, उपयोग नाही. नुसता मऊपणा पुरत नाही. मऊ थरावर वजन हवं, म्हणजे वरचा धक्का वजन हलवण्यात खर्च होतो आणि खाली कमी जातो.

ओट्याच्या कामातून उरलेला कडप्पा ताईच्या मागच्या पडवीत पडून होता. सव्वा मीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद, दोन सेंटिमीटर जाड, अंदाजे तीस किलो. खाली जाड रबराचे चौकोन, वर कडप्पा, त्यावर स्टँड. पेडलही कडप्प्यावरच. भावोजी आणि मी जिन्यावरून तो वर नेताना जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नुसत्या रबरावर ठेवलं असतं तर वाद्य डुललं असतं. कडप्प्यामुळे डुलत नाही. तीस किलो या तुळयांना जड नाहीत, पूर्वी याच माडीवर भाताच्या कणगी असायच्या. जुन्या वाळवी लागलेल्या माडीवर मात्र मी हे करणार नाही.

फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये, पण तोच फोन त्याच उशीवर ठेवला तर आधीचं आणि नंतरचं यांची तुलना करता येते. पावसाच्या उघडीपीत मोजलं. खर्जाचा धप् आठ डेसिबलने उतरला. पेडल जवळजवळ ऐकू येत नाही. आजीला विचारलं तर म्हणाली, "अजून येता. पण आता लांबसून येता."

६ जून

कंपनीने पाठवलेला कारागीर कोल्हापूरहून आला, घाटातल्या धुक्यामुळे दुपार झाली. तरुण मुलगा, पण हात सावध. आधी अडॅप्टर काढला, मग चादर अंथरून पियानो उलटा केला. स्क्रू काढताना वेगवेगळ्या लांबीचे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले. हे मला आवडलं. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर प्लास्टिक फोडून वर येतो.

वरचं झाकण काढलं तेव्हा चपट्या केबली हळूच सोडवल्या आणि पट्ट्यांचा सांगाडा उघडा झाला. मी टॉर्च धरायला. ५९ पासून वजनांखालच्या फेल्टची पट्टी गोंद सोडून मागे सरकलेली. सहा वजनं उघड्या प्लास्टिकवर पडत होती. उन्हात उभ्या राहिलेल्या ट्रकमध्ये गोंद सुटला असावा, असा त्याचा तर्क. जुना गोंद खरवडून, जागा पुसून त्याने नवा तुकडा लावला आणि वर वजन ठेवून सुकू दिला.

४५ वी पट्टी काढली. तिच्या शेजारणींच्या टोकाला पांढुरकं ग्रीस दिसत होतं, हिचं टोक कोरडं. कारखान्यात राहून गेलं असणार. काडीच्या टोकाएवढं ग्रीस लागलं. काळ्या पट्ट्या पांढऱ्यांनंतर निघतात आणि बसवताना उलट, हेही बघून घेतलं.

४७ बद्दल मात्र तो म्हणाला, हे मापातच आहे. पट्टीच्या पुढे एक उभा खुंट असतो, त्यावर पट्टी खालीवर सरकते. त्या फटीत जरा सैलपणा ठेवावाच लागतो, नाहीतर पट्टी अडकते. ४६ आणि ४८ शी ताडून बघितलं, फरक केसाएवढा. त्याने ग्रीस लावलं नाही, मीही आग्रह केला नाही. ग्रीसने कटकट दबते, पण त्यात धूळ बसते आणि वर्षभराने पट्टी जड होते.

चहा, घावणे आणि निघाला. जाताना तक्रारीच्या कागदावर सही घेतली. त्यात दुरुस्तीची तारीख आणि पट्ट्यांचे आकडे लिहून घेतले.

७ जून

नाणी पुन्हा. ४५ आठ नाण्यांना सावकाश बसली, टिक् नाही. ५९ ते ६४ गप्प. नवा फेल्ट असल्याने या सहा आता शेजारणींपेक्षाही मऊ पडतात. भाचीला तेही जाणवलं. तिचा कान तिखट आहे. खोड म्हणायची की गुण, ते तिच्या बाईंनी ठरवावं.

२२ जून

आता हवेचं. लाकडी पेटीच्या पट्ट्या पावसाळ्यात फुगून अडकतात, इथे पट्ट्या प्लास्टिकच्या, तो प्रश्न नाही. पण फेल्ट लोकरीचा असेल तर ओल पितो, आणि धातूच्या वजनांना, स्क्रूंना खारी हवा खाते. ताईने वाद्यावर प्लास्टिकचं आवरण घातलं होतं, ते काढायला लावलं. त्याखाली दमट हवा कोंडून राहते. त्याऐवजी जुन्या लुगड्याची दुपदरी खोळ. वाजवून झाल्यावर लगेच नाही घालायची, थोड्या वेळाने.

स्टँडच्या मागे सिलिका जेलच्या दोन पुरचुंड्या टांगल्या. उघड्या खोलीत त्यांचा उपयोग थोडाच, पण खोळ घातलेली असताना होतो. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत निळे करायचे. तो तवा भाकरीला वापरायचा नाही, हे भावोजींना दोनदा सांगितलं.

मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांभोवती खडूची रेघ. पियानोजवळ खाणं बंद. हा नियम घरात फक्त आजी पाळते, कारण तिला जिना चढवत नाही.

१२ जुलै

कडप्प्याखालचं रबर बघितलं, एका कोपऱ्यात जास्त दबलंय. खर्जाच्या बाजूचा कोपरा. तिथे आणखी एक चौकोन सरकवला.

४७ अजून कटकटते, बोट कडेला पडलं तरच. भाचीच्या बाईंनी तिला बोट पट्टीच्या मध्यावर ठेवायला सांगितलंय, त्यामुळे कटकट निम्म्यावर आली. पट्टी तीच, मी हात लावलेला नाही.

सर्व पट्ट्यांची नाण्यांची यादी वहीत उतरवून ठेवली, खर्जापासून तारेपर्यंत. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा मोजणार. फेल्ट सुकल्यावर ५९ ते ६४ शेजारणींच्या बरोबरीने आल्या नाहीत तर वॉरंटी संपायच्या आत त्या कोल्हापूरच्या मुलाला फोन करायचा. त्याचा नंबर तक्रारीच्या कागदाच्या मागे, कागद ताईच्या कपाटात, रेशनकार्डाच्या पाकिटात.